‘लेखन आईकडून रक्तातच आलं’ असं मनोगतात लिहू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

सप्रेम नमस्कार. मी बार्शी तालुक्यातली, वय ४३, एका शाळेत क्लार्क आहे. गेल्या वर्षी माझा पहिला कथासंग्रह आला. पाचशे प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती निघतेय आणि एका वाचनालयाचा पुरस्कारही मिळालाय. पहिल्या आवृत्तीत मनोगत नव्हतं, आता प्रकाशकांनी मागितलंय. मी लिहिलं, “माझं लेखन हे आईचं देणं आहे, ते माझ्या रक्तातच आहे.” आई ७६ वर्षांची, शाळेत गेलेली नाही. पण ती गोष्ट सांगायला लागली की शेजारणींच्या भाकरी करपायच्या. गोष्टीत माणसाचं नाव ती शेवटी सांगते. आधी त्याचं नेसणं, चाल, हातात काय आहे ते. कुणाच्या लग्नात कुणी कसलं लुगडं आहेर केलं हे तिला आजही पाठ आहे. तिला मनोगत वाचून दाखवलं तर म्हणाली, “मी काय केलं गं? मला कुठं लिव्हाय येतंय?” भाऊ नाराज आहे. वडील प्राथमिक शिक्षक होते, आता नाहीत. घरात मासिकं त्यांनी आणली, रोज रात्री घरखर्च लिहिल्याशिवाय ते झोपत नसत. त्यांचं नावच नाही, असं भावाचं म्हणणं. आणि मला खुपतंय ते आणखी वेगळं: सगळं रक्तातूनच आलं असेल तर बारा वर्षं पहाटे उठून मी काय करत होते? एका कथेत आईच्या तोंडच्या दोन ओव्या आहेत, त्यांचं काय करायचं तेही कळत नाही. पुरस्काराच्या वेळी सात मिनिटं बोलायचंय. आईला न्यायचंय. काय लिहू, काय बोलू?

— एक कथालेखिका

उत्तर

ताई, नमस्कार.

“मी काय केलं गं?” हा आईचा प्रश्न तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे आणि तुमच्या वाक्यात त्याचं उत्तर नाही. रक्त द्यायला आईला काही करावं लागलं नाही, घ्यायला तुम्हाला काही करावं लागलं नाही. त्यामुळे ‘रक्तातच आहे’ म्हटलं की तिचीही करणी पुसली जाते आणि तुमचीही. ते वाक्य काढा. आईचं श्रेय मात्र काढू नका, उलट वाढवा. पण ते तिने काय केलं, कसं केलं, याचं असू द्या.

रक्ताबद्दल विज्ञान काय म्हणतं ते एकदा बघून ठेवा, म्हणजे मनात शंका राहणार नाही. जुळ्या भावंडांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा मोठा ताळेबंद २०१५ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात आला. २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणविशेष. त्यात अनुवंशाचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. मात्र हा आकडा समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकांचा आहे. तुमच्या कथांपैकी निम्म्या आईच्या, असा त्याचा अर्थ होत नाही. एका माणसातला एखादा गुण किती टक्के आईचा आणि किती स्वतःचा, हे त्यातून काढताच येत नाही. शिवाय आईने जन्मही दिला आणि वाढवलंही, तेव्हा तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी कधी सुट्या नव्हत्याच. तरीही स्मरण, शब्दांचा कान, स्वभावातली चिकाटी यांत जन्मजात काहीच नसतं असंही नाही. म्हणून ‘आईसारखी माझी स्मरणशक्ती आहे’ हे लिहायला हरकत नाही. ‘आईमुळे लेखक झाले’ हे लिहायचं तर पुढे आणखी दोन वाक्यं लागतात, आणि नेमकी तीच तुमच्या मनोगतात नाहीत.

ती शोधायची कशी? पुस्तकाची एक प्रत घ्या, जिच्यावर रेघोट्या मारल्या तरी चालतील अशी. पेन्सिलीने कथा वाचत जा आणि जिथे आई दिसते तिथे खूण करा. ‘मायेचा ओलावा’, ‘संस्कार’ असलं काही मार्जिनमध्ये लिहू नका. वाक्य दाखवता आलं तरच खूण. पात्राचं नाव उशिरा आलंय? आधी लुगड्याचा काठ आलाय? लग्नातल्या आहेराची यादी जशीच्या तशी आहे? संग्रहभर अशा पाच-सहा खुणा निघाल्या तर पुष्कळ झालं. एकही निघाली नाही, तर आईचं ऋण मायेचं आहे, लेखनाचं नाही. तेही तितकंच मोठं आहे, पण मग ते अर्पणपत्रिकेत जाईल, मनोगतात नाही.

मग प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: अंगचं, घरातलं, कमावलेलं. इथे भलेभले गडबडतात, कारण सगळंच अंगचं वाटायला लागतं. दोन माणसांकडे बघून पारखा. पहिला तुमचा भाऊ. आईवडील तेच, मग तो का लिहीत नाही? तो गोष्ट सांगताना नाव आधी सांगतो की शेवटी? त्याच्याही बोलण्यात आईची लकब असेल आणि तरी तो लिहीत नसेल, तर लकब घरची आणि लिहिणं तुमचं. दुसरी, असली तर, वहिनी. तिचं आईशी रक्ताचं काही नातं नाही. एवढ्या वर्षांच्या सहवासात तीही आईसारखी गोष्ट रंगवून सांगायला लागली असेल, तर तो गुण संगतीने येतो, म्हणजेच आईने तो न कळत शिकवला. आणि शिकवणं ही करणी आहे. आईला सांगण्यासारखं उत्तर तुम्हाला इथे मिळेल: “तू नाव शेवटी सांगायचीस, ते मी उचललं.”

‘सगळं रक्तातूनच आलं असेल तर माझं काय?’ ही तुमची धास्ती जुनी आहे आणि फार मोठ्या माणसालाही ती शिवून गेलीय. जर्मन महाकवी गटेने उतारवयात एक छोटी कविता लिहिली. वडिलांकडून बांधा आणि आयुष्य गांभीर्याने जगण्याची रीत, आईकडून आनंदी स्वभाव आणि गोष्टी रचण्याची हौस, असा त्याने हिशेब मांडला. पुढे पूर्वजांकडून आलेल्या आणखी दोन-तीन खोडी मोजल्या आणि शेवटी विचारलं, मग या माणसात स्वतःचं असं म्हणावं तरी काय? असं विचारणाऱ्याने ‘फाउस्ट’ या एका नाट्यकाव्यावर तरुणपणापासून १८३१ पर्यंत, मध्ये खंड पडत, जवळजवळ साठ वर्षं काम केलं होतं. त्याच्या कवितेतून आपण घ्यायची ती मांडणीची पद्धत: ‘सगळं आईचं’ असं न म्हणता एकेक गुण नाव घेऊन वेगळा केलाय, आणि दोघांकडून आलेला गुण वेगवेगळा आहे. जर्मन कादंबरीकार टॉमस मानने १९३० मध्ये स्वतःबद्दल लिहिताना याच ओळींचा आधार घेतला.

भावाची नाराजी मिटवायची वाटही यातच आहे. वडिलांचं नाव समतोलासाठी घुसडू नका. वाचकाला तो भरणा लगेच कळतो. पण तुमच्याच पत्रात त्यांची खरी जागा लिहिलेली आहे. रोज रात्री खर्च लिहिल्याशिवाय न झोपणारा माणूस आणि बारा वर्षं पहाटे उठून लिहिणारी मुलगी, हे नातं तुम्हाला दिसलं नाही याचं नवल वाटतं. आईने गोष्ट दिली, वडिलांनी बैठक. बैठक नसेल तर गोष्ट ओट्यावरच राहते. त्या खर्चाच्या वह्या घरात असतील तर आधी बाहेर काढा. कोरड्या सुती कपड्याने पुसा, लोखंडी टाचण्या-पिना काढा (गंज कागद खातो), प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि प्रत्येक पानाचा उजेडात सरळ वरून फोटो घ्या. आहेराचा तपशील आईला पाठ, तर त्याच लग्नाचा खर्च वडिलांच्या वहीत असण्याची शक्यता आहे. दोन्ही शेजारीशेजारी ठेवलं तर मनोगताचा एक परिच्छेद आपोआप तयार होईल.

आईवडिलांचं ऋण मानताना त्यांच्याबद्दलचं खरंही सांगता येतं, हे बघायचं तर तुर्की कादंबरीकार ओरहान पामुकचं ७ डिसेंबर २००६ चं नोबेल भाषण आठवा. वडिलांनी मृत्यूच्या दोन वर्षं आधी आपल्या वह्यांनी भरलेली एक छोटी सुटकेस त्याच्याकडे दिली, त्याभोवती ते सगळं भाषण आहे. वडिलांना लेखक व्हायचं होतं. पण माणसांत रमणं त्यांना आवडे आणि लेखकाला लागणारा एकांत त्यांनी सोसला नाही, हे तो स्पष्ट म्हणतो. श्रेय कशाचं देतो? घरातल्या सुमारे दीड हजार पुस्तकांच्या संग्रहाचं, धाक न घालण्याचं, आणि पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून वडिलांनी दाखवलेल्या प्रचंड विश्वासाचं. म्हणजे जे घडलं त्याचं. म्हणूनच वडिलांचं न्यून सांगूनही तो कृतघ्न वाटत नाही.

आता मनोगत प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. कुठे काय जातं हे आधी पक्कं करा. अर्पणपत्रिका म्हणजे दोन ते चार ओळी, उजव्या हाताचं स्वतंत्र पान, मागची बाजू कोरी. तिथे कारण द्यायचं नसतं, नाव पुरतं. ‘आईस’ एवढंही चालतं. मनोगत ६०० ते ८०० शब्दांचं, म्हणजे पुस्तकाची दोन ते तीन पानं. ऋणनिर्देश मनोगताच्या शेवटी, शंभर-दीडशे शब्दांत: संपादक, मुखपृष्ठकार, कथा आधी जिथे आल्या ती मासिकं, हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणी. आईला या यादीत घालू नका, तिथे ती मुद्रितशोधकाच्या शेजारी येते. तिची जागा मनोगताच्या मध्यावर.

मसुद्याचा नमुना देतो. शब्द तुमचे घाला, बांधणी बघा:

“आईला शाळा मिळाली नाही. गोष्ट सांगताना ती माणसाचं नाव शेवटी सांगते. आधी त्याचं नेसणं, चाल, हातातली वस्तू. नाव ऐकणाऱ्याने ओळखायचं. या संग्रहातली बरीच माणसं मी तशीच आणली आहेत. वडील रोज रात्री घरखर्च लिहूनच झोपत. पहाटे लिहायला बसण्याची सवय त्यांच्या त्या वहीतून आली, असं मला वाटतं. पहिल्या कथेचे खर्डे मी कितीदा फाडले ते त्या दोघांना माहीत नाही. त्यातून जे उरलं ते या पुस्तकात आहे, आणि त्यात काही कच्चं राहिलं असेल तर ते माझं.”

यात ‘देणं’, ‘संस्कार’, ‘बाळकडू’, ‘पूर्वपुण्याई’ यांतला एकही शब्द नाही. ते शब्द वाईट नाहीत, पण इतक्या मनोगतांत येऊन गेलेत की तुमची आई त्यांच्यात दिसेनाशी होते. ‘असं मला वाटतं’ हे मात्र ठेवा. वारशाबद्दल आपण अंदाजच करत असतो आणि तो अंदाज म्हणून सांगितला की वाचक विश्वास ठेवतो. आणि स्वतःच्या कष्टांचं वाक्य गाळू नका. आईवडिलांना श्रेय द्यायचं म्हणजे स्वतःला खोडायचं, ही सवय आपल्या लेखिकांना जरा जास्तच आहे, आणि ती मोडायला हवी. बारा वर्षं पहाटे उठलात, ते लिहा. एकच वाक्य, पण लिहा.

‘अशिक्षित’, ‘अडाणी’ हे शब्द आईसाठी वापरू नका. ‘शाळा मिळाली नाही’ म्हटलं की दोष परिस्थितीकडे जातो, तिच्याकडे येत नाही. आईचा फटकळपणा, भाऊबंदकी, आजारपण यांतलं काही घ्यायचं असेल तर तिला विचारल्याशिवाय घेऊ नका. ती वाचू शकत नाही, म्हणून तिच्या माघारी काहीही छापता येईल, असं होऊ नये. पूर्ण मनोगत तिला वाचून दाखवा, दोनदा, दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि घरात गर्दी नसताना. पहिल्या वेळी ती “बरं हाय” म्हणेल. दुसऱ्या वेळी कुठल्या वाक्याला गप्प झाली ते बघा. ते वाक्य गेलं तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही.

मनोगत लिहिण्याआधी आईचं सांगणं फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. ७६ वय आहे, हे काम पुढे ढकलू नका. एका वेळी २०-२५ मिनिटं पुरे, त्यानंतर आवाज दमतो. पंखा बंद, स्वयंपाकघरात कुकर नको, फोन विमान मोडवर आणि घडी केलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर. ताट-डबा ठेवलेल्या टेबलावर ठेवलात तर प्रत्येक खडखडाट येईल. “गोष्ट सांग” म्हटलं की माणूस अवघडतो. “अमक्याच्या लग्नात आहेरावरनं काय झालं होतं?” असं विचारा. ती चुकली तरी मध्ये दुरुस्त करू नका. फाइलला लगेच तारीख आणि विषयाचं नाव द्या आणि दुसरी प्रत भावाच्या फोनवर टाका. त्यालाही यात घेतल्यासारखं होईल. उतरवून काढायला वेळ लागतो, तासाभराच्या बोलण्याला चार-पाच तास सहज जातात. उतरवताना हमखास होणारी चूक म्हणजे भाषा ‘शुद्ध’ करणं. ‘लिव्हाय’चं ‘लिहायला’ केलंत की आई गेली. ऐकू येईल तसं उतरवा. छापताना काय ठेवायचं ते नंतर ठरेल.

आता ओव्या. त्या आईने रचल्यात की तिला येतात, हे तिलाच विचारा: “ही तुझी का तुझ्या आईची?” जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जमवला. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहामार्फत लोकांपुढे येतोय. तुमच्या दोन ओव्या किंवा त्यांची भावंडं तिथे सापडतात का बघा. सापडल्या तर त्या परंपरेच्या. मनोगतात ‘आईकडून ऐकलेल्या पारंपरिक ओव्या’ असं लिहा. आईने स्वतः रचल्या असतील तर त्यांची कवयित्री ती आहे. तिचं पूर्ण नाव कथेखाली टीप म्हणून आणि श्रेयपानावर, दोन्हीकडे छापा. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तिच्यानंतर तो वारसांकडे म्हणजे भावाकडेही जातो. त्यामुळे एका कागदावर तिची संमती, अंगठा किंवा सही, दोन साक्षीदार आणि तारीख घेऊन ठेवणं बरं. आईच्या शब्दांना आईचंच नाव लागावं, याचा आपल्याकडचा दाखला बहिणाबाई चौधरींचा. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण आईची गाणी १९५२ मध्ये छापून आली ती आईच्याच नावाने, आणि आज तिचं नाव मुलाच्या नावापुढे आहे.

प्रकाशकाला मजकूर पाठवण्याआधी एक फोन करा: पहिल्या आवृत्तीत कोरी पानं किती आहेत? ऑफसेटवर पुस्तक साधारणपणे १६ पानांच्या फॉर्ममध्ये (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) छापतात. १४४ पानं म्हणजे बरोबर नऊ फॉर्म. त्यात तुमची तीन पानं वाढली की अर्धा फॉर्म, म्हणजे आठ पानं, जास्तीचा घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. दोनच पानांची जागा असेल तर ५०० शब्दांत बसवा, अक्षर बारीक करायला सांगू नका. डिजिटल छपाईत ही अडचण कमी. मनोगत कथांच्या आधी येणार असेल तर सुरुवातीच्या पानांना ‘पाच’, ‘सहा’ असे अक्षरी क्रमांक द्यायला सांगा. नाहीतर अनुक्रमणिकेतले सगळे आकडे सरकतात आणि ते दुरुस्त करायचं नेमकं राहून जातं. शेवटचं प्रूफ आलं की आईवडिलांची नावं मोठ्याने, अक्षर अक्षर लावून वाचा. कथांचं प्रूफ तिघेजण वाचतात, मनोगताचं कुणीच वाचत नाही.

भाषणाला सात मिनिटं म्हणजे सावकाश बोलताना फार तर सातशे शब्द. सहाशेच लिहा, टाळ्या आणि घसा आवरायला वेळ जातो. आईवर दोन मिनिटं, वडिलांवर एक, उरलेला वेळ कथांवर, कारण पुरस्कार कथांना आहे. गरिबीचं वर्णन करून सभागृह रडवणं सोपं असतं, पण पहिल्या रांगेत बसलेल्या आईला त्या वेळी कुठे बघावं कळत नाही. त्याऐवजी आहेराचा एक किस्सा तिच्या पद्धतीने सांगा, नाव शेवटी ठेवून. मग म्हणा, ही पद्धत तिची.

तिला स्टेजवर बोलवायचं की नाही हे आदल्या दिवशी तिला विचारून ठरवा आणि आयोजकांनाही तसं कळवा, कारण सूत्रसंचालक उत्साहात परस्पर नाव पुकारतात. ‘नको’ म्हणाली तर जागेवरच उभं राहून नमस्कार पुरे. पायऱ्यांना कठडा आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, परतीला किती वाजतील, हे भावाला आधी बघून यायला सांगा. तो तिच्या शेजारी बसू दे. वडिलांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो मोठा करून भाषणाच्या वेळी पडद्यावर दाखवता आला तर दाखवा. ते पान कोणतं, हे निवडायचं काम भावाकडे द्या.